भाड्याची भिंत: जहांगीर कलादालनाची गोष्ट, बेळगावच्या बाजूनं

"जहांगीरला शो झाला" असं कळलं की आमच्याकडं त्या चित्रकाराकडं बघायची नजर बदलते. शेजारीपाजारी विचारपूस करतात, शाळा सत्कार ठेवते, पेपरात फोटो येतो. पण शो झाला म्हणजे नक्की काय झालं? बहुतेकांची समजूत अशी, की मुंबईतल्या कुणा जाणकारांनी चित्रं बघितली, त्यांना ती आवडली आणि त्यांनी सन्मानानं बोलावून घेतलं. हे अर्धंच खरं. अर्ज चित्रकारच करतो. समिती त्याची चित्रं बघते. तारीख मिळाली की एका आठवड्याचं भाडं तो भरतो. फ्रेमा, पॅकिंग, टेम्पो, आमंत्रणपत्रिका, मुंबईतलं राहणं-जेवण, सगळं त्याच्याच खिशातनं.

जहांगीर आर्ट गॅलरी ही भाड्यानं मिळणारी भिंत आहे. काहींना हे वाक्य खटकेल. मला मात्र तिच्याबद्दल सांगण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. तिचं मोठेपण या भाड्यातनं आलं, आणि तिच्यावर जी टीका होते तिचं मूळही या भाड्यातच आहे.

चित्रं लावायच्या जागा सगळ्या सारख्या नसतात

मुंबईत काळा घोडा चौकाच्या आसपास थोडं पायी फिरलं तर चित्रं बघायच्या जागांचे तिन्ही प्रकार भेटतात. (ज्या घोड्यामुळं हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५ मध्येच राणीच्या बागेत गेला. २०१७ मध्ये चौकात आला तो नवा घोडा, स्वार नसलेला. मधली पन्नास वर्षं नाव घोड्याशिवायच चाललं.)

पहिला प्रकार संग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हे त्याचं उदाहरण. जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ते ज्या इमारतीत आहे ती १९११ ची, सर कावसजी जहांगीर पब्लिक हॉल. सभा, मैफली, मेळावे असं सगळं तिथं होऊन गेलं आणि १९९६ मध्ये तिथं कला संग्रहालय सुरू झालं. संग्रहालयाकडं स्वतःच्या मालकीच्या वस्तू असतात. त्या जपायच्या, दुरुस्त करायच्या, आलटूनपालटून मांडायच्या, हे त्याचं काम. काय मांडायचं ते तिथले अभ्यासक ठरवतात. चित्रकाराला तिथं अर्ज करून जागा मिळत नाही.

दुसरा प्रकार खासगी गॅलरीचा. कुलाब्यात, फोर्टमध्ये अशा बऱ्याच आहेत. इथं गॅलरीचा मालक चित्रकार निवडतो, त्याच्यावर वर्षानुवर्षं पैसा आणि वेळ घालतो, ग्राहक शोधतो, किंमत बांधतो. चित्रकाराकडनं भाडं घेत नाही, पण चित्र विकलं की तिसऱ्या हिश्श्यापासनं निम्म्यापर्यंत रक्कम स्वतःकडं ठेवतो. निम्मी रक्कम ऐकून आपल्याकडं लोक चमकतात. पण न विकल्या गेलेल्या दहा प्रदर्शनांचा बोजाही त्यानंच उचललेला असतो.

तिसरा प्रकार जहांगीरचा. तिथल्या भिंतीवर आज जे आहे ते पुढच्या आठवड्यात नसतं. मंगल कार्यालयाचा मालक लग्न जमवत नाही. तारीख देतो, हॉल देतो, भाडं घेतो. इथंही तसंच आहे, फक्त तारीख द्यायच्या आधी पत्रिका समिती बघते.

हे तीन प्रकार मनात वेगळे ठेवले नाहीत तर मोठे घोटाळे होतात. "संग्रहालयात चित्र लागलं" आणि "जहांगीरला शो झाला" या दोन वेगळ्या वजनाच्या बातम्या आहेत. उलट जहांगीरवर "पैसे घेऊन चित्रं लावतात" असा आरोप करणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यायला हवं, की ती सोय करण्यासाठीच ही जागा बांधली गेली.

पैसे भरून चित्रं लावायची कल्पना

ही कल्पना मुंबईची नव्हे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये 'सलॉन' नावाचं सरकारी पाठबळाचं मोठं प्रदर्शन भरायचं. परीक्षक मंडळानं नाकारलं की चित्रकाराची वाट बंद, कारण गिऱ्हाईक तिथंच यायचं. १८६३ मध्ये इतकी चित्रं नाकारली गेली आणि इतकी ओरड झाली, की सम्राट तिसऱ्या नेपोलियननं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. एदुआर मानेचं गवतावर जेवायला बसलेल्या मंडळींचं चित्र तिथंच गाजलं. लोक हसायला म्हणून गेले होते. पुढं १८८४ मध्ये स्वतंत्र चित्रकारांनी आपली संस्था काढली. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. वर्गणी भरा आणि चित्र लावा. निवड करणारा माणूस दारातनं हटवायचा आणि त्याच्या जागी वर्गणीची पावती ठेवायची, एवढाच तो विचार.

हा विचार कागदावर जितका सरळ आहे तितका व्यवहारात नाही. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंतांच्या संस्थेनं असंच जाहीर केलं होतं: सहा डॉलर भरा, चित्र लागेल. मार्सेल द्युशाँनं खोट्या नावानं सही करून चिनी मातीची मुतारी पाठवून दिली. पैसे भरलेले, नियम पाळलेला, तरी ती मांडली गेली नाही. म्हणजे दारात कुणी नाही असं म्हटलं तरी कुणीतरी असतंच, हे तेव्हाच दिसून आलं.

पांढऱ्या भिंतीचंही इथंच सांगून टाकतो. जुन्या प्रदर्शनांत चित्रं जमिनीपासनं छतापर्यंत, फ्रेमेला फ्रेम लावून टांगत. वरच्या रांगेतलं काही दिसायचं नाही. कुणाचं चित्र नजरेच्या उंचीला लागतं यावर भांडणं व्हायची. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या बंडखोर चित्रकारांनी स्वतःची इमारत बांधली आणि तिथं मोकळ्या, फिकट भिंतींवर चित्रं विरळ लावायचे प्रयोग झाले. १९२९ मध्ये न्यूयॉर्कचं आधुनिक कला संग्रहालय निघालं आणि पांढरी भिंत, एकच रांग, दोन चित्रांत भरपूर जागा, ही पद्धत तिथनं जगभर गेली. या पद्धतीचा परिणाम जबरदस्त आहे. चित्र घरापासनं, देवळापासनं, दरबारापासनं तुटतं आणि एकटं उभं राहतं. अशा भिंतीवर काहीही लावा, माणूस दोन मिनिटं थांबून बघतो.

१९५२ च्या आधीची मुंबई

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. सुरुवातीला तिच्यावर इंग्रजांचा वरचष्मा होता; वर्षाकाठी प्रदर्शन भरायचं, पदकं दिली जायची. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५ मध्ये तिथं सुवर्णपदक मिळालं, ही त्या काळची केवढी तरी मोठी बातमी. १९३७ मध्ये अमृता शेरगिलना तेच पदक मिळालं. पण वार्षिक प्रदर्शन म्हणजे शेकडो चित्रांतलं तुमचं एखादं. एकट्याची वीस-पंचवीस चित्रं लोकांसमोर एकत्र ठेवायची असतील तर जावं कुठं? चांगल्या उजेडाची, चित्रांसाठीच बांधलेली सार्वजनिक जागा शहरात नव्हती.

ही अडचण १९४० नंतरच्या दशकात जास्तच टोचू लागली, कारण चित्रं बदलली होती. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्‌स ग्रुप काढला. यातले आरा घरगडी म्हणून आणि मोटारी धुऊन पोट भरलेले. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवलेले. घरचं पाठबळ असणारी ही मंडळी नव्हती. १९४९ मध्ये त्यांचं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या छोट्या सलॉनमध्ये झालं. उद्घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केलं. या सहा जणांच्या मागं उभी राहिलेली माणसंही बघण्यासारखी आहेत. हिटलरच्या छळामुळं युरोप सोडून मुंबईत आलेले तिघं: टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि चित्रं विकत घेणारे उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर. चौथे केकू गांधी, मुंबईचे पारशी. १९४१ पासनं त्यांचा फ्रेमांच्या पट्ट्यांचा धंदा होता, केमिकल मोल्डिंग नावाचा. त्याचंच पुढं 'केमोल्ड' झालं. दुकानाच्या काचेत ते या पोरांची चित्रं लावून ठेवायचे. मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेचं सगळ्यात पहिलं चालू दालन एका फ्रेमवाल्याच्या दुकानाची काच होती, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

इमारत

मुंबईला कलादालन हवं, असा आग्रह सर कावसजी जहांगीर यांच्याकडं धरणाऱ्यांत दोन नावं ठळक आहेत. एक अणुशास्त्रज्ञ होमी भाभा. ते स्वतः चित्रं काढायचे, आणि पुढं त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्या काळच्या चित्रकारांची चित्रं इतकी घेतली, की आज तो संग्रह देशातल्या महत्त्वाच्या संग्रहांत धरला जातो. दुसरे चित्रकार के. के. हेब्बार, जन्म उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचा, शिक्षण आणि कर्तृत्व मुंबईचं. मुंबईच्या या दालनामागं एका कानडी मुलखातल्या चित्रकाराचा हट्ट होता, हे आपल्या सीमाभागात मुद्दाम सांगावंसं वाटतं.

जहांगीर घराण्याचा दानधर्म मुंबईला नवा नव्हता. सर कावसजींनी दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ इमारतीचा सगळा खर्च उचलला. जागा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आवारातली. आराखड्याच्या संदर्भात जी. एम. भुता आणि दुर्गा बाजपाई ही नावं घेतली जातात. आजूबाजूला घुमट, कमानी, नक्षीचे दगडी खांब, आणि मध्येच ही काँक्रीटची ठेंगणी इमारत. दारावर पुढं आलेलं, खाली खांब नसलेलं छत. मुंबईतल्या आरसीसी बांधकामाच्या सुरुवातीच्या धीट नमुन्यांत ती मोजतात. आत मोठं प्रेक्षागृह-दालन आणि एकाला एक लागून प्रदर्शनाच्या खोल्या. म्हणजे एकाच वेळी तीन-चार चित्रकारांना वेगवेगळी जागा देता येईल अशी मांडणी पहिल्यापासनंच.

२१ जानेवारी १९५२ रोजी उद्घाटन झालं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते. आता इथं बेळगावकरांनी जरा थांबावं. खेर तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. धारवाड, विजापूर, कारवारही. म्हणजे जहांगीर उघडली तेव्हा ती आपल्याच राज्याच्या राजधानीत उघडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आपल्या राजधानीतलं दालन पाच वर्षांच्या आत दुसऱ्या राज्यात राहिलं. पण भाड्याच्या भिंतीला राज्याची हद्द आड येत नाही. देशभरातले चित्रकार तिथं अर्ज करतात, आणि त्यात आपल्याकडचेही होते, आहेत.

भाड्यानं काय घडवलं

समजा जहांगीर सरकारी संग्रहालय असतं. १९५४ मध्ये पंचविशीतल्या अकबर पदमसींना तिथं कोणी भिंत दिली असती? पॅरिसहून आलेल्या या तरुणानं जहांगीरला प्रदर्शन लावलं. त्यात स्त्री-पुरुषाच्या जवळिकीची दोन चित्रं होती, 'लव्हर्स' या नावाची. पोलिसांनी ती उतरवायला सांगितलं, पदमसींनी नकार दिला, आणि अश्लीलतेच्या कलम २९२ खाली खटला उभा राहिला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल पदमसींच्या बाजूनं लागला. चित्रकारांच्या मोकळीकीबद्दल बोलताना आजही या खटल्याचा दाखला देतात. भाड्याच्या दालनाचा गुण इथं दिसतो: भिंतीवर काय आहे याची जबाबदारी चित्रकाराची, म्हणून चित्रकाराला धाडसही करता येतं. धोका त्याचा एकट्याचा, हे त्याचंच दुसरं टोक.

१९६३ मध्ये केकू आणि खुर्शीद गांधी यांनी याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. खाली भाड्याचं दालन, वर निवड करणारी खासगी गॅलरी, दोन्ही व्यवस्था एका जिन्याच्या अंतरावर. खाली एखाद्याचं काम बघावं, बरं वाटलं तर वर बोलवावं, हे सहज शक्य होतं. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली तोपर्यंत हे शेजारपण टिकलं.

या वरच्या मजल्यावरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९७५ मध्ये केमोल्डनं जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं मांडली. डहाणूच्या पाड्यावर लग्नात शेणमातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची ही चित्रं. चौक, म्हणजे लग्नातलं हे भिंतीवरचं चित्र, सुवासिनींनी लिहायचा, लग्न झालं की त्याचं काम संपलं. भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांनी कागद आणि रंग पुरवले आणि ती चित्रं भिंतीवरनं सुटी झाली. सुटी झाली म्हणून मुंबईला आली, विकली गेली, परदेशी गेली. पांढरी भिंत वस्तूला तिच्या जागेवरनं कशी उचलते ते यात दिसतं. फायदा उघड आहे: वारली चित्रकाराला नाव मिळालं, रोजगार मिळाला. बदल्यात काय गेलं तेही उघड आहे. पाड्यावर हे काम बायकांचं होतं, गॅलरीत नाव पुरुषाचं लागलं. जिव्या मशेंच्या प्रतिभेबद्दल ही तक्रार नाही. व्यवस्था अशीच चालते, तिला सही लागते आणि विकता येईल असा सुटा तुकडा लागतो.

१९६४ मध्ये उषा खन्ना यांनी दालनाच्या मागच्या लांबट पट्टीत 'समोवार' हे कॅफे काढलं. चित्रकार, पत्रकार, कॉलेजची पोरं, कोर्टातले वकील तिथं तासन्‌तास बसायचे. २०१५ मध्ये ते बंद झालं तेव्हा लोकांनी चित्रांसाठी केली नसती इतकी हळहळ केली. बाहेरच्या फूटपाथवरही चित्रकार बसतात, तिथंच काढतात, तिथंच विकतात. आतलं भाडं ज्यांना परवडत नाही किंवा ज्यांचा नंबर लागलेला नाही त्यांची ही जागा. आतली आणि बाहेरची चित्रं एकापाठोपाठ बघा. दर्जातला फरक तुम्ही समजता तितका प्रत्येक वेळी असेलच असं नाही.

आता दुसरी बाजू. भाडं भरलं की ते वसूल व्हावं असं वाटणारच. जहांगीरमध्ये बनारसचे घाट, पावसातली मुंबई, पगडीवाले राजस्थानी आणि गणपती वारंवार का दिसतात, याचं उत्तर इथं आहे. आठवड्याभरात विकलं जाईल, दिवाणखान्यात बसेल, मुंबईच्या लिफ्टमध्ये मावेल असं चित्र चित्रकार आधीच ठरवून काढतो. समितीनं कुणाला असं सांगितलेलं नसतं. गणितच तसं आहे. व्हिडिओ, अख्खी खोली व्यापणारी मांडणी, महिनाभर हळूहळू बदलणारं काम, असं काही सात दिवसांच्या भाड्यात कसं बसवायचं? जमत नाही असं नाही. १९९२ मध्ये हुसेन यांनी 'श्वेतांबरी' नावाचा प्रयोग इथंच केला. दालन पांढऱ्या कापडानं मढवलं, जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे, आणि टांगलेलं चित्र एकही नाही. पण हुसेनना काही विकायची घाई नव्हती. खानापूरच्या पंचवीस वर्षांच्या पोरीनं कर्ज काढून भाडं भरलं असेल तर ती कपटे पसरणार नाही.

आणि रांग. जागा कमी, मागणी देशभरातनं, त्यामुळं तारीख मिळायला कैक वर्षं लागतात. अर्ज करतानाचा चित्रकार आणि तारीख येते तेव्हाचा चित्रकार, मधल्या काळात हात बदललेला असतो. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी पावसाळ्यात 'मान्सून शो' भरतो, तेवढी एक जवळची वाट आहे.

बेळगाव

बेळगावपासनं मुंबई साधारण ५०० किलोमीटर, बंगळूरही तेवढंच. आमच्या चित्रकारांची ओढाताण या एका आकड्यात आहे. जुन्या पिढीला विचारलं तर मुंबईच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षा सांगतील, नंतरची मुलं कर्नाटकाच्या लोअर-हायर सांगतील. कोण कुठल्या राज्याच्या काळात ड्रॉइंग शिकला ते यावरनंच समजतं.

मुंबईची वाट आधी मळली. कागवाडकडच्या शेडबाळमध्ये १९२१ साली जन्मलेले डी. जी. कुलकर्णी, 'डिझी' म्हणून ओळखले जाणारे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि हेब्बार, आरा, सामंत, चावडा, सडवेलकर यांच्याबरोबर 'बॉम्बे ग्रुप'मध्ये होते. जहांगीरनंतरच्या पहिल्या दशकात मुंबईत जे चाललं होतं त्यात आपल्या जिल्ह्याचा माणूस ऐन मध्यात होता. के. बी. कुलकर्णी यांनी उलटी वाट धरली: मुंबईत शिकून ते बेळगावात परतले, इथंच राहिले आणि 'चित्र मंदिर'मधनं मुलं घडवली. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचे विद्यार्थी. पुढं मुंबई, नैरोबी, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. माझ्या मते या शहराच्या कलेवर दालनांपेक्षा या एका शिक्षकाचा परिणाम जास्त आहे. दालन आठवडाभर चित्र दाखवतं. शिकवणारा माणूस बघायची सवय लावतो.

आज टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघाकडं के. बी. कुलकर्णी यांच्याच नावाचं कलादालन आहे. शहराच्या मानानं छोटं, पण वरच्या तीन प्रकारांपैकी नेमक्या तिसऱ्या प्रकारातलं, मुंबईच्या रांगेशिवायचं. जवळपासच्या वाटाही आहेत: कोल्हापूरचं शाहू स्मारक भवन, पणजीची कला अकादमी. बंगळूरला चित्रकला परिषदेची 'चित्रसंते' २००३ पासनं भरते; एका रविवारी अख्खा रस्ता चित्रांचा, ठेला मांडा आणि विका. ती जत्रा आहे, दालन नव्हे. विक्रीसाठी ती जास्त फायद्याची ठरू शकते, पण वीस चित्रांतनं एक विचार मांडायचा असेल तर तिथल्या गर्दीत ते होत नाही.

आपल्याकडं नवं दालन बांधा अशी मागणी अधूनमधून होते. होऊ दे, पण बांधणाऱ्यांनी पांढऱ्या भिंतीवर समाधान मानू नये. बेळगावचा पाऊस साधा नाही. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की कागदावर बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर तो खाली यायचं नाव घेत नाही. बेळगावची परंपरा तर जलरंगाची, म्हणजे कागदाचीच. मग हवा कोरडी ठेवणारं यंत्र, भिंतीला ओल न येऊ देणारं बांधकाम आणि चित्र भिंतीपासनं बोटभर पुढं राहील अशा पट्ट्या, यांची सोय फॉल्स सीलिंगच्या आधी करावी लागते. उजेडाचंही तसंच. तैलचित्राला २०० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड चालतो, जलरंगाला ५० च्या आसपासच ठेवायचा असतो, नाहीतर रंग उडतो. सभागृहाच्या ट्यूबलाइटा याच्या कितीतरी पट उजेड पाडतात. दिवा छतातनं साधारण ३० अंशांच्या कोनानं चित्रावर पडला तर काचेवर चमक येत नाही, आणि चित्राचा मध्य जमिनीपासनं दीड मीटरला थोडा कमी ठेवला तर मान वर करावी लागत नाही. यातल्या कशालाच फार पैसा लागत नाही. आराखडा काढताना चित्रकाराला विचारलं तर पुरे, पण बहुतेक वेळा त्याला बोलावणं येतं ते रिबन कापायच्या दिवशी.

बघायला जायचं असेल तर

जहांगीरला प्रवेश मोफत आहे, सकाळी ११ ते संध्याकाळी ७. ज्यांना वाटतं की आपल्याला चित्रातलं काही कळत नाही म्हणून आत जाऊ नये, त्यांनी खुशाल जावं. चित्रकार भाडं भरून बसलेला असतो तो तुमच्यासाठीच. टेबलावर किमतीची यादी असते, ती मागायला लाजू नये. चित्राच्या खाली लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. वरच्या मजल्यावरची हिरजी जहांगीर गॅलरी लोक चुकवतात, जिना चढून जाच. प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात. सोमवारी उशिरा गेलात तर चित्रं उतरवून बबल रॅपमध्ये गुंडाळायची घाई, मंगळवारी सकाळी खिळ्या-दोऱ्यांचा गोंधळ आणि संध्याकाळी उद्घाटनाची गर्दी. चित्रकाराशी निवांत बोलायचं असेल तर बुधवार-गुरुवारची दुपार धरा. बेळगावहून आलोय म्हटलं की तो आपणहून खुर्ची पुढं करेल.